केबलमधलं पाणी

बाबांनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी हौशी रेडिओची परीक्षा दिली आणि पहिल्याच फटक्यात पास झाले. त्याआधीची चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. दुकान बंद केल्यावर हात रिकामे झाले आणि रिकामे हात त्यांना सोसत नसत. लायसन्स आल्यावर त्यांनी खिडकीतून मागच्या अंगणातल्या झाडापर्यंत एक तार ताणली, टेबलावर जुना सेट मांडला आणि रोज सकाळी सात वाजता 'कुणाला ऐकू येतंय का' असं जगाला विचारायला लागले. जगाला कधी ऐकू यायचं, कधी यायचं नाही.

महिन्याभरात ते या निष्कर्षाला आले की दोष जगाचा नाही, तारेच्या उंचीचा आहे.

एका शनिवारी सूनबाई कामावरून घरी आली तेव्हा कपडे वाळत घालायच्या जागेवर लोखंडाचे तीन लांबलचक सांगाडे आडवे पडले होते. बाबा त्यांच्याभोवती फिरून फडक्याने धूळ पुसत होते.

"बाबा, हे काय आहे?"

"टॉवर."

"कुणाचा?"

"आता आपला. एकाने घर बदललं, त्याला नको होता. तीस फूट भरतो. उद्या रविवार आहे, उभा करून टाकू."

सूनबाईने पिशवी खाली ठेवली. तिची नोकरी बांधकामांच्या जागी सुरक्षा तपासायची होती. उंचावरची माणसं नीट बांधलेली आहेत ना, खाली कुणी उगाच उभं नाही ना, हे बघत ती दिवसभर फिरायची. घरात ती सूनबाई होती. साइटवर तिला काही नाव नव्हतं. कुणीतरी हळूच 'आल्या' म्हणायचं आणि सगळे आपापली हेल्मेटं शोधायला लागायचे.

तिने सांगाड्यांकडे पाहिलं, मग घराकडे, मग कुंपणाबाहेरून जाणाऱ्या विजेच्या तारांकडे. चार पावलं चालली, परत आली, अजून चार चालली.

"इथे उभा केला आणि पडला, तर त्या तारांवर पडेल," ती म्हणाली.

"पडेल कशाला?"

"बाबा, पडायचं ठरवून काहीच पडत नाही. कुठल्याही बाजूला आडवा झाला तरी तारांपासून लांब राहील अशी जागा हवी. ती त्या कोपऱ्यात आहे."

"त्या कोपऱ्यात माझी टोमॅटोची रोपं आहेत."

"मग टोमॅटो किंवा टॉवर."

बाबांनी मुलाकडे मदतीच्या आशेने पाहिलं. मुलगा औषधांच्या दुकानात काम करायचा आणि शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्याला घाम फुटायचा. तो म्हणाला, "मी चहा टाकतो," आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी सुनेची तक्रार कप्तानांकडे केली. कप्तान म्हणजे रेडिओवर रोज भेटणारे एक गृहस्थ. गाडीने तीन तासांवरच्या एका नदीकाठच्या गावात राहायचे. तीस वर्षं त्यांनी नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसांची होडी नेली होती, म्हणून कप्तान. बाबांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. पण त्यांचा आवाज असा जाडजूड आणि सावकाश होता की सहा फूट उंचीचा, मोठ्या मिशांचा माणूस समोर बसलाय असं वाटायचं. नवशिक्यांना काही अडलं की सगळे त्यांनाच विचारायचे.

"घड्याळवाले," कप्तान म्हणाले, "तुमची सूनबाई बरोबर आहे. पाया किती खोल घेताय? ओव्हर."

"दोन फूट. ओव्हर."

"चार घ्या. आणि काँक्रीट टाकलं की अठ्ठावीस दिवस त्याच्याकडे फिरकू नका. ओव्हर."

बाबांनी तोंड वाकडं केलं. रेडिओवर ते दिसत नाही, हा रेडिओचा मोठा फायदा.

अठ्ठावीस दिवस त्यांनी कॅलेंडरवर फुल्या मारून काढले. या काळात त्यांनी केबलला कनेक्टर लावायचं काम हाती घेतलं. केबल साधीच दिसते: मधोमध तांब्याची तार, तिच्यावर पांढरं आवरण, त्यावर तांब्याची जाळी आणि वरून काळी कातडी. टोकाला एक पितळी तुकडा सोल्डर करून बसवायचा. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवलेल्या माणसाला हे म्हणजे डाव्या हातचा मळ. बाबांनी भिंग लावलं, सोल्डर इतकं सुबक लावलं की मुलाने फोटो काढून दुकानातल्या लोकांना दाखवला. आणि मग लक्षात आलं, की कनेक्टरचं बाहेरचं फिरतं कडं आधी केबलवर ओवायचं असतं. ते टेबलावरच राहिलं होतं.

"पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं," कप्तानांनी सकाळी दिलासा दिला. "मी तीनदा विसरलो. तिसऱ्यांदा माझ्या थोरल्या ताईसमोर. ती अजून सांगत फिरते."

त्या दिवसांत कप्तान रोज थोडं थोडं शिकवायचे. त्यांचं म्हणणं, लोक अँटेनाचं कौतुक करतात कारण ती दिसते. पण सगळं काम बिघडवते ती केबल, आणि केबललाही सहसा काही होत नाही, होतं ते तिच्या टोकांना. पाण्याला वाट हवी असते आणि कनेक्टरचं तोंड ही आयती वाट. म्हणून वरच्या जोडावर आधी रबरी पट्टी ताणून गुंडाळायची, तिच्यावर साधी चिकटपट्टी. गुंडाळताना खालून वर जायचं, म्हणजे छपराच्या कौलांसारखी वरची घडी खालच्या घडीवर येते आणि पाणी घरंगळून जातं. उलट गुंडाळली तर प्रत्येक घडी पाण्यापुढे ओंजळ धरून बसते. आणि केबल घरात शिरायच्या आधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे तिच्यावरून वाहत आलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, भिंतीत शिरत नाही.

बाबा हे सगळं वहीत लिहायचे. सूनबाई चहा पिता पिता ऐकायची. तिला रेडिओत रस नव्हता, पण हा माणूस तिच्या पसंतीस उतरला.

"साइटवर असा एक जरी फोरमन मिळाला ना," ती नवऱ्याला म्हणाली, "तर माझं निम्मं ओरडणं वाचेल."

टॉवर उभा राहिला. टोमॅटो कुंडीत गेले. सूनबाई अंगाला हार्नेसचे पट्टे बांधून स्वतः वर चढली, कारण बाबांना चढू देण्याचा प्रश्नच नव्हता आणि नवरा खालून बघतानाही खांबाला धरून उभा होता. तिने टॉवरला धरून ठेवणाऱ्या ताणाच्या तिन्ही तारा बघितल्या, अँटेना लावली, जोड कप्तानांच्या सांगण्याप्रमाणे खालून वर गुंडाळला. बाबा खालून सूचना देत होते. तिने त्यातल्या दोन ऐकल्या.

सोमवारी सकाळी सात वाजता बाबांनी बटण दाबलं आणि कप्तानांचा आवाज असा आला की मुलगा स्वयंपाकघरातून बघायला आला, कोण आलंय म्हणून.

तो सगळा हिवाळा छान गेला. बाबा दूरदूरच्या लोकांशी बोलले. एका बेटावरच्या दीपगृहाच्या रखवालदाराशी बोलले, एका शेळ्या पाळणाऱ्या बाईंशी बोलले, ज्यांना घड्याळ दुरुस्तीत फार रस निघाला. पण दिवसाची सुरुवात कप्तानांपासूनच व्हायची.

मग पाऊसपाण्याचे दिवस आले आणि गेले, आणि कप्तानांचा आवाज बारीक व्हायला लागला.

आधी बाबांना वाटलं, हवेचा दोष. रेडिओत काही कळेनासं झालं की हवेवर ढकलायची सोय असते. पण हवा रोज रोज एकाच माणसाच्या वाटेला कशी जाईल? मग त्यांनी स्वतःचं सगळं तपासलं. सेटच्या मागचा जोड उघडला, पुसला, परत लावला. सूनबाईला विनवून वर पाठवलं. ती म्हणाली वर सगळं कोरडं ठणठणीत आहे. सेटला जोडलेला, अँटेनाची तब्येत सांगणारा मीटरही ठीक होता. इतर लोक खणखणीत ऐकू येत होते. कप्तानांच्या शेजारच्या गावातला एक सायकलवाला तर इतका मोठ्याने यायचा की आवाज कमी करावा लागे.

"कप्तान," बाबा एके सकाळी म्हणाले, "तुमच्या बाजूला काहीतरी बिघडलंय. केबल बघून घ्या. ओव्हर."

बराच वेळ नुसती खरखर आली. मग लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज: "काय म्हणालात? परत सांगा."

बाबांनी परत सांगितलं. मग परत. तिसऱ्यांदा कप्तान म्हणाले, "माझा मीटर उत्तम दाखवतोय. इथे सगळं ठीक आहे. चला, येतो." आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. आठवडा झाला. बाबा सात वाजता हाक मारायचे, पाच मिनिटं थांबायचे, परत मारायचे. नाश्ता करताना ते पोह्यांशी बोलावं तसं समोरच्या ताटलीशी पुटपुटायला लागले. सूनबाईने दोन दिवस पाहिलं.

"फोन करा ना."

"नंबर नाही."

"वर्षभर रोज बोलताय आणि नंबर नाही?"

"रोज बोलतो म्हणून तर कधी लागला नाही."

पत्ता मात्र होता. रेडिओवाले पहिल्या भेटीनंतर एकमेकांना एक कार्ड पाठवतात, ते बाबांनी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं होतं. सूनबाईने ते काढलं, वाचलं, आणि रविवारी सकाळी गाडीत हार्नेस, दोर, हत्यारांची पेटी आणि केबलचं नवं वेटोळं टाकलं.

"केबल कशाला?" बाबांनी विचारलं. त्यांच्या मनात वेगळेच विचार होते आणि त्यात केबलची गरज पडणार नव्हती.

"लागली नाही तर परत आणू," ती म्हणाली. "पट्टा लावा."

तीन तास बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. सूनबाईने दोन वेळा काहीतरी विषय काढला आणि दोन्ही वेळा तो पडून राहिला.

नदीकाठच्या त्या घराला पुढे ओसरी होती. ओसरीवर आरामखुर्चीत एक किरकोळ अंगाचा, सफाचट दाढीचा माणूस शेंगा सोलत बसला होता. एक पाय स्टुलावर ठेवलेला, गुडघ्याला पट्टा.

"कप्तान आहेत का?" बाबांनी विचारलं.

"मीच," त्या माणसाने सांगितलं, आणि आवाज ऐकल्यावर शंका उरली नाही. एवढ्या लहान पेटीत एवढा मोठा भोंगा कसा मावला, हे बाबांना कळेना.

"मी घड्याळवाला."

कप्तानांनी हातातली शेंग खाली ठेवली. "तुम्ही तर उंच आहात," ते म्हणाले. "मला वाटलं होतं बुटके असाल."

आतून एक म्हातारी बाई आली. कप्तानांची थोरली बहीण, जिला रेडिओवरचे सगळे ताई म्हणून ओळखत होते. तिने पाहुण्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि भावाने तोंड उघडायच्या आत म्हणाली, "बरं झालं आलात. दोन आठवडे याला बोलायला कुणी नाही, म्हणून माझ्याशी भांडतोय."

"ताई, तू आत जा."

"मी कशाला आत जाऊ? माझं घर आहे."

सेट दारातून आतल्या खोलीत दिसत होता. त्याच्यावर कापड टाकलेलं होतं, आणि कापडावर इस्त्रीचे कपडे रचले होते. बाबांना ते बघवेना.

"काय झालं?" त्यांनी हळू विचारलं. "गुडघा?"

"गुडघा तर आहेच. दीड वर्ष झालं." कप्तान दुसरीकडे बघत म्हणाले. "गुडघ्याने रेडिओ ऐकत नाहीत."

"मग?"

कप्तानांनी एक शेंग घेतली, सोलली, दाणे वाटीत न टाकता हातातच ठेवले. बाबांना ती गप्प बसण्याची पद्धत ओळखीची होती. त्यांनी स्वतः दुकान बंद केलं त्या महिन्यात ते असेच गप्प बसायचे. त्याच्या तीन आठवडे आधी त्यांना एका घड्याळातला स्क्रू दिसला नव्हता आणि त्यांनी ते घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

"कान?" बाबांनी विचारलं.

"हळूहळू गेले," कप्तान म्हणाले. "आधी लांबचे लोक ऐकू येईनात. मग जवळचे. शेवटी तुम्ही. तुम्ही काहीतरी सांगत होतात आणि मी आपला 'परत सांगा, परत सांगा.' माणसाने किती वेळा परत सांगा म्हणावं? लोक चांगले असतात, सांगतात. पण ते कंटाळलेले कळतं. म्हटलं, आता पुरे."

"कान गेले म्हणे," ताई दारातून म्हणाली. "काल मागच्या अंगणात पातेल्याचं झाकण पडलं तर हा इथून ओरडला, काय फोडलंस म्हणून."

सूनबाई इतका वेळ ओसरीच्या कडेला उभी राहून मागच्या बाजूचा खांब बघत होती. ती वळली.

"काका, आम्ही आल्यापासून तुम्ही माझं एकही वाक्य परत विचारलं नाहीत."

"तू काही बोललीसच नाहीस."

"गाडीतून उतरताना मी बाबांना म्हणाले, चप्पल नीट घाला. तुम्ही हसलात. गाडी तिथे फाटकाबाहेर होती."

कप्तानांनी फाटकाकडे पाहिलं.

"बरं, तो मीटर," ती पुढे म्हणाली. "तुम्ही बाबांना सांगितलंत, उत्तम दाखवतोय. उत्तम म्हणजे किती?"

"एक पूर्णांक एक दशांश. एकाच्या जितकं जवळ तितकं चांगलं, आणि इतका चांगला कधीच नव्हता."

"आधी किती असायचा?"

"दीड. वर्षानुवर्षं दीड."

"मग सुधारला कसा? कुणी काही केलं?"

"नाही. आपोआप."

"आमच्याकडे साइटवर आपोआप काही सुधारत नाही," सूनबाई म्हणाली. "एखादी तडा गेलेली भिंत सोमवारी चांगली दिसायला लागली, तर समजायचं की कुणीतरी रंग फासलाय."

बाबा खुर्चीतून उठले. ते घड्याळाच्या कामातही असे मध्येच उठायचे, काटा कुठे अडकतोय हे कळलं की.

"कप्तान," ते म्हणाले, "मीटर काय मोजतो? अँटेनाकडे पाठवलेली ताकद किती परत आली, ते. बरोबर?"

"हे मीच तुम्हाला शिकवलं."

"हो. आता समजा केबलच सगळी ताकद खातेय. जाताना अर्धी खाल्ली, वरून जी थोडी परत फिरली तीही येताना खाल्ली. मीटरपर्यंत काही परत आलंच नाही. तो बिचारा म्हणणार, वा, काहीच परत येत नाही, उत्तम आहे."

कप्तानांच्या हातातले दाणे वाटीत पडले.

"आणि मला लोकांचं काही ऐकू येत नव्हतं," ते सावकाश म्हणाले, "कारण त्यांचे आवाजही त्याच केबलमधून येत होते."

"वरचा जोड शेवटचा कधी बघितलात?" बाबांनी विचारलं.

कप्तानांनी गुडघ्यावरचा पट्टा सारखा केला. "गुडघ्याच्या आधी. गुडघ्याच्या बऱ्याच आधी. ताई, तू आत जा."

"अकरा वर्षं," ताई म्हणाली. "माझ्या नातीच्या बारशाच्या वेळी चढला होता. ती आता पाचवीत आहे."

मागच्या अंगणात पस्तीस फुटांचा लोखंडी खांब उभा होता, तीन बाजूंनी तारांनी ताणलेला. कप्तानांना वाटलं, सूनबाई हार्नेस बांधून आता वर जाईल. पण ती आधी तिन्ही तारांच्या मुळाशी जाऊन बसली. तिसऱ्या तारेच्या मुळाशी असलेल्या कडीला तिने नखाने खरवडलं आणि कडीचा पापुद्रा तिच्या हातात आला.

"मी यावर चढणार नाही," ती म्हणाली.

"गेली वीस वर्षं उभा आहे तो," कप्तान चिडले.

"उभा आहे कारण त्याच्यावर कुणी चढत नाहीये. ही कडी सुटली तर खांब माझ्यासकट त्या कौलांवर जाईल. काका, तुम्हीच सांगा, बाबांनी असा खांब वर्णन करून विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

कप्तानांनी ओठ चावला. मग नाइलाजाने म्हणाले, "चढू नका म्हणालो असतो. आडवा करा म्हणालो असतो. बुडाशी बिजागरी आहे त्याच्या."

"बिजागरी चालते?"

"तेल पाजलं तर चालेल. पण पस्तीस फूट लोखंड आडवं करायला चार गडी लागतात. इथे तुम्ही दोघं, मी लंगडा, आणि ताई."

"ताईला मोजू नकोस," ताई म्हणाली. "मी चहा करते."

बाबांनी बिजागरीत तेल सोडलं आणि घड्याळाच्या जुन्या सवयीने थेंब मोजत बसले, तेव्हा सूनबाईने त्यांच्या हातातला डबा घेऊन अख्खा ओतला. तेल मुरेपर्यंत कप्तान आपल्या खुर्चीसकट अंगणात आले. सूनबाईने खुर्ची उचलून लांब, खांबाच्या उंचीपेक्षाही लांब नेऊन ठेवली. ते कुरकुरले, पण त्यांनी मान्य केलं.

मग एक गोष्ट झाली. सूनबाईने दोर बाहेर काढले आणि कप्तानांनी तिने मारलेली गाठ पाहिली.

"ही सुटणार नाही," ते म्हणाले, "पण ओझं आल्यावर सोडायची झाली तर सुरीच लागेल. इकडे दे."

त्यांच्या बोटांनी दोर घेतला आणि काय केलं ते सूनबाईला दिसलंही नाही. गाठ तयार होती. तीस वर्षं रोज होडी बांधलेला, सोडलेला माणूस तो. पडवीत होडीच्या दोन मोठ्या कप्प्या लटकत होत्या. त्या काढायला लावल्या. एक अंगणातल्या जाडजूड झाडाच्या बुंध्याला, एक खांबाच्या मध्यावर, सूनबाईला शिडीवरून पोचेल तिथे. दोर दोन्ही कप्प्यांमधून दोनदा फिरवला आणि त्याचं शेपूट झाडाला दीड वेढे घालून बाबांच्या हातात दिलं.

"आता हा खांब तुम्ही एका हाताने धराल," कप्तान म्हणाले. "दोर सोडायचा नाही. झाडाभोवती सरकू द्यायचा. होडी प्रवाहात सोडतात तसं."

"मी होडी कधी सोडली नाही."

"मग घड्याळाची स्प्रिंग सैल करता तसं समजा."

हे बाबांना समजलं. सूनबाईने झाडाच्या बाजूची तार सैल केली, खांबाच्या वाटेत कुणी नाही हे दोनदा बघितलं, ताईला चहासकट ओसरीवर पाठवलं आणि हात वर केला. खांब कुरकुरला. झुकला. बाबांच्या हातातून दोर इंच इंच सरकत गेला, आणि कप्तान लांबून, त्या जाड सावकाश आवाजात बोलत राहिले: "सरकू द्या. सरकू द्या. थांबा. आता श्वास घ्या. सरकू द्या." पाचसात मिनिटांत पस्तीस फूट लोखंड गवतावर असं निजलं की खालची फुलंही मोडली नाहीत.

वरचा जोड आता कप्तानांच्या खुर्चीपासून दोन हातांवर होता. चिकटपट्टी उन्हाने चुऱ्यासारखी झाली होती. बाबांनी कनेक्टर उघडला. आतलं पितळ हिरवं पडलेलं. मग त्यांनी जोडाच्या हातभर खाली केबल कापली आणि टोक खाली धरलं.

पाणी आलं. थेंब थेंब नाही, चांगली बारीक धार लागली. तांब्याची जाळी काळीठिक्कर. बाबांनी आणखी हातभर कापली, तिथेही तेच. सूनबाईने मग दुसऱ्या टोकाकडून तोंडाने फुंकर मारून पाहिली आणि या टोकाकडून बुडबुडे आले.

कप्तान बघत होते. बाबांना वाटलं, आता ते रागावतील किंवा खजील होतील. पण त्यांच्या खांद्यांना आधी कंप सुटला, मग पोटाला, आणि मग ते मोठमोठ्याने हसायला लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि पुसतच राहिले थोडा वेळ.

"मी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती," ते म्हणाले. "मंगळवारची."

"जाऊन या तरी," सूनबाई म्हणाली. "तपासून घेतलेलं बरं."

"माझं काय तपासतील ते? केबल घेऊन जातो, तिचे कान बघा म्हणतो."

जुनी केबल अख्खी निघाली. गाडीतलं वेटोळं पुरलं, वर सहा हात उरलंसुद्धा. बाबांनी ओसरीवर बसून भिंग लावून कनेक्टर सोल्डर केले आणि कप्तान शेजारी बसून त्यांचे हात बघत राहिले. एकदाच म्हणाले, "सुरेख." सूनबाईने गंजलेली कडी काढून गावातल्या वेल्डरकडून नवी बसवून घेतली. तो वेल्डर रविवारचा झोपला होता. ताईने त्याच्या दारात उभं राहून त्याला उठवलं. जोडावर रबरी पट्टी मात्र कप्तानांनी स्वतः गुंडाळली, खालून वर, प्रत्येक घडी अर्ध्यावर घेत. कुणाला हात लावू दिला नाही.

खांब उभा करताना वेल्डरही हाताशी आला. उन्हं कलायच्या आत तिन्ही तारा ताणून झाल्या. ताईने सेटवरचे कपडे उचलले आणि कापड काढलं.

कप्तानांनी बटण फिरवलं आणि खोली आवाजांनी भरली. एकावर एक, जवळचे, लांबचे, कुणी हसतंय, कुणी आकडे सांगतंय. कप्तानांचा हात बटणावर तसाच राहिला. शेजारच्या गावातला सायकलवाला कुणाला तरी आपल्या पाठदुखीचं सांगत होता आणि त्यातला शब्द न् शब्द स्वच्छ येत होता.

"याची पाठ अजून दुखतेय," कप्तान म्हणाले, जणू फार मोठी खुशखबर होती.

त्यांनी मीटर बघितला. दीड. सायकलवाला बोलायचा थांबल्यावर त्यांनी माइक उचलला, आपलं रेडिओवरचं ओळखचिन्ह सांगितलं, आणि सायकलवाला पाठदुखी बाजूला ठेवून म्हणाला, "कप्तान? अहो, कुठे होतात?"

"इथेच होतो," कप्तान म्हणाले. "केबलमध्ये पाणी शिरलं होतं. अकरा वर्षं वरचा जोड बघितला नव्हता मी. ओव्हर."

"तुम्ही? तुम्ही नव्हता बघितला?"

"मी. ओव्हर."

बाबांनी सूनबाईकडे पाहिलं. तिने भुवया उंचावल्या. माणसाने आपली चूक एवढ्या मोठ्या आवाजात, एवढ्या लोकांसमोर सांगितलेली तिने साइटवर कधी ऐकली नव्हती.

त्याचा परिणाम असा झाला की पुढच्या आठवड्यात पाच जणांनी आपापले जोड उघडून बघितले. दोघांच्या केबलमध्ये पाणी निघालं. शेळ्या पाळणाऱ्या बाईंच्या जोडात तर मुंग्यांनी बिऱ्हाड केलं होतं. सायकलवाल्याचं सगळं कोरडं होतं, पण तो चढताना चुकीचा वाकला आणि पाठीचं दुखणं आणखी वाढलं.

कप्तान मंगळवारी डॉक्टरांकडे गेले. कान वयाच्या मानाने उत्तम निघाले. ताईला हे त्यांनी चार दिवस सांगितलं नाही.

सूनबाईने मात्र परत आल्यावर बाबांकडे परीक्षेचं पुस्तक मागितलं. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी पुस्तकाबरोबर आपल्या तिन्ही वह्याही दिल्या.

"तुला रेडिओत रस कधीपासून?"

"रेडिओत नाही," ती म्हणाली. "परवा सकाळी काका कुणाला तरी सांगत होते की हार्नेस नसेल तर कमरेला दोर बांधला तरी चालतो. मला मध्ये बोलायचं होतं आणि मला बोलता येत नव्हतं. लायसन्स नाही म्हणून. माझा चहा घशाखाली उतरला नाही."

पहिल्या वेळी ती चार गुणांनी नापास झाली. दुसऱ्या वेळी पास झाली आणि पहिल्याच सकाळी सात वाजता माइक हातात घेऊन कप्तानांना कमरेच्या दोराबद्दल अकरा मिनिटं ऐकवलं. कप्तानांनी एकदाही 'परत सांगा' म्हटलं नाही.